वीस वेळा आलात की वसूल

करमणूक पार्काच्या तिकीटखिडकीतल्या बाईंनी त्या दिवशी पैसे घ्यायला हात पुढे केलाच नाही.

"ताई, रागावू नका, पण एक सांगू?" त्या म्हणाल्या. "रोजचं तिकीट तुम्हाला परवडायचं नाही. वर्षाचा पास काढून टाका. वीस वेळा आलात की वसूल. मग पुढे कितीही या."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना सगळं ठाऊक होतं. राजाचा फोटो त्यांच्याच खिडकीच्या काचेवर आतून चिकटवलेला होता आणि चिकटपट्टी सुटली की त्याच नवी लावायच्या.

ताईने मात्र नोट तशीच पुढे धरून ठेवली. वीस वेळा!

"आजचं एकच द्या," ती म्हणाली.

राजा तिचा धाकटा भाऊ. अंगापिंडाने चांगला भरलेला, दाढी रोज करावी लागणारा बाप्या, पण समज सहा-सात वर्षांच्या पोराची. आई गेल्यापासून तो ताईकडेच होता. ताई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. दवाखान्यातल्या नर्सांचे, वॉर्डबॉयचे गणवेश तिच्या मशीनवरून जायचे. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. मूलबाळ नव्हतं. "आहे की एक, दाढीवालं," असं नवरा हसत सांगायचा.

राजाचा जीव या पार्कातल्या छोट्या आगगाडीवर. उंचावर नेऊन खाली आपटणारे ते भलेमोठे पाळणे त्याला नको असायचे. तळ्याभोवती फिरणारी, लहान पोरांनी भरलेली गाडी एवढंच त्याचं सुख. त्या रविवारी ऊन मी म्हणत होतं आणि गाडीची रांग लांबलचक होती. राजा रांग सोडायला तयार होईना, म्हणून ताई एकटीच पाणी आणायला गेली. नळाशी झुंबड होती. बाटली भरून ती परत आली तेव्हा गाडी सुटलेली होती. ती तळ्याला वळसा घालून आली, पोरं उतरली, त्यांचे आईबाप उतरले. राजा नव्हता.

लहानपणापासून ताईने त्याला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. "चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही. तिथेच थांबायचं. मी येते." आणि राजा ते पाळायचा. एकदा बाजारात हरवला, तर दुकानदाराने शटर ओढलं तरी तो फळीला धरून उभा होता. म्हणून ताईचा मनाशी हिशेब पक्का होता. तो कुठेही भरकटला असला, तरी पाय इथेच वळणार. आणि तो येईल तेव्हा आपण इथे नसलो तर?

महिना होत आला होता. पोलिसांत तक्रार झाली, दवाखाने पालथे घातले. शवागारात नवरा एकटाच जायचा. बाहेर आला की दुरूनच 'तो नाही' अशी मान हलवायचा. दुरुस्तीला जाईल त्या प्रत्येक लिफ्टमध्ये तो राजाचा फोटो लावायचा. वर जाताना, खाली येताना माणसाला दुसरं बघायला काय असतं, असं त्याचं म्हणणं. एका इमारतीच्या सेक्रेटरीने तक्रार केल्यावर मालकाने त्याला झापलं. तरी तो लावतच राहिला, फक्त आता थोडा खाली, बटणांच्या पाटीशेजारी.

कारखान्यातल्या मास्तरांनी ताईला दुपारनंतर सुटी देऊन टाकली होती. पार्कवाल्यांनी आठवडाभर तिला तसंच आत सोडलं. मग साहेब बदलले. नवे साहेब म्हणाले, आम्हाला वाईट वाटतं, पण नियम सगळ्यांना सारखा. तेव्हापासून ती रोज तिकीट काढायची आणि आगगाडीच्या फलाटासमोरच्या बाकावर जाऊन बसायची. गाडी शिट्टी द्यायची, पोरं किंचाळायची, आणि ती प्रत्येक डबा नजरेखालून घालायची. आताशा आयाबाया तिच्या बाकावर टेकायच्या नाहीत. एकीने तर आपलं पोर हाताला धरून पलीकडे नेलं.

त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात पासाचा विषय काढला. नवरा हात धूत होता. त्याने नळ बंद केला.

"वर्षाचा?"

"त्या बाई म्हणाल्या, तसा स्वस्त पडतो."

"स्वस्ताचं नको सांगूस मला. वर्षाचा पास म्हणजे काय ते कळतंय ना तुला? तो वर्षभर सापडणार नाही, असं आपणच लिहून दिल्यासारखं आहे ते."

"आणि मी रोज खिडकीशी जाऊन 'आजचं एकच द्या' म्हणते, ते काय आहे हो? रोज वाटतं, आज शेवटचं. रोज परत येते तेच तोंड घेऊन. मला नाही झेपत आता ते."

"मग जाऊ नकोस."

तो असं बोलून गेला आणि लगेच त्याचा चेहरा पडला. ताईने हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं.

"जाऊ नको? आणि तो आला तर? कोण असेल तिथे? तुम्ही?"

"अगं, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं! तुम्ही मनातून त्याला पोचवून मोकळे झालात."

नवरा खाली जमिनीवर बसला, पाठ कपाटाला टेकवली, आणि थोड्या वेळाने त्याचे खांदे हलायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला रडताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. ती त्याच्याजवळ गेली नाही. तिच्यात तेवढंही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पास काढला. फोटो काढणारी पोरगी नवी होती. "जरा हसा ना मॅडम, वर्षभर हाच फोटो राहणार," ती म्हणाली. खिडकीतल्या बाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. कार्ड ताईच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "पासवाल्यांचं गेट वेगळं आहे हां. इथून नाही सोडणार. भिंतीच्या कडेकडेने मागच्या बाजूला जा, गाड्या लावायच्या मैदानापाशी."

मागच्या बाजूला असं काही गेट आहे, हे ताईला माहीतच नव्हतं. ती बसने यायची, बस पुढच्या रस्त्यावर थांबायची. भिंत संपता संपत नव्हती. शेवटी एक नाला लागला, त्यावरचा पूल ओलांडला, आणि ती एका वेगळ्याच रस्त्याला लागली. ट्रकांची वर्दळ, धूळ, एका बाजूला पंक्चरचं दुकान. समोर छोटंसं गेट.

गार्डला तिने सवयीने कार्डाआधी राजाचा फोटो दाखवला. त्याने खांदे उडवले. तो चारच दिवसांपूर्वी इथे लागला होता. मग ती रस्ता ओलांडून पंक्चरवाल्याकडे गेली. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. त्याने फोटोकडे नुसतं पाहिलं आणि ट्यूब सोडून दिली.

"हा तर इथे होता!"

ताईने फोटो त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"पार्क बंद झाल्यावर गार्डने याला या गेटातून बाहेर काढलं. मागच्या नळापाशी कुणाची तरी वाट बघत उभा होता म्हणे. मी बघत होतो. तेव्हापासून गेटासमोर उभा. दोन रात्री माझ्या टपरीच्या पत्र्याखाली काढल्या त्याने. चल म्हटलं घरी सोडतो, तर हलायला तयार नाही. काही विचारलं की एकच. ताई पाणी आणायला गेलीये."

"मग? मग कुठे गेला?"

"गेला नाही, नेला. अंगात ताप भरला होता. मीच त्या बेघरांच्या निवाऱ्याच्या गाडीवाल्यांना फोन केला. चौघांनी उचलून घातला, एवढा ओरडत होता." पंक्चरवाला ओल्या हातांनी तोंड पुसायला लागला. "पोलीस आले असते तर सांगितलं नसतं का मी? कुणीच आलं नाही, बाई. हा रस्ता म्हणे दुसऱ्या चौकीत येतो."

भिंतीच्या एका बाजूला ती बाकावर, आणि पहिले दोन दिवस दुसऱ्या बाजूला तो उन्हात. ताईने फोन लावला, पण नवऱ्याला तिचं बोलणं कळेना. शेवटी पंक्चरवाल्याने फोन घेऊन पत्ता सांगितला.

लिफ्ट कंपनीची गाडी घेऊन नवरा आला. निवारा शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथल्या बाईंनी वही काढली नाही की काही नाही, फोटो बघून सरळ आत बोट दाखवलं. "नाव विचारलं तर राजा म्हणतो. कुठला राजा, ते काही सांगेना. आम्ही आमच्या चौकीत कळवलं होतं."

राजा एका लांब खोलीत चादरींच्या घड्या घालत होता. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली. ताई दारातच थांबली.

"राजा."

त्याने वर पाहिलं. ओळखलं, यात शंकाच नव्हती. मग त्याने मान खाली घातली आणि चादरीचं टोक टोकाला जुळवायला लागला. ती जवळ गेली तसा तो भिंतीकडे सरकला. तिने हात लावला, तर त्याने तो झटकून टाकला.

"राजा, अरे मी रोज येत होते. पलीकडे बसले होते रे मी, आतमध्ये..."

त्याला त्यातलं काही ऐकायचंच नव्हतं. हातातली घडी पुरी झाल्यावर त्याने ती ढिगावर ठेवली, तिला वळसा घालून तो नवऱ्यापाशी गेला आणि म्हणाला, "भाऊजी, घरी चला."

गाडीत पुढे तिघांनाच जागा. नवरा चालवायला, ताई मधे, राजा खिडकीपाशी, तोंड बाहेर करून. ताई राजाच्या मानेकडे बघत राहिली. अंगावरचा सदरा निवाऱ्यातला होता, कुणा दुसऱ्याच्या मापाचा, खांद्यावर उसवलेला. एका वळणावर गाडी कलली, तेव्हा तिने मागून त्या सदऱ्याची कड मुठीत धरली.

दोन सिग्नल मागे गेले. मग राजा मान न वळवताच म्हणाला, "ओढू नको. फाटेल."

तिने मूठ सैल केली, पण सोडली नाही.