हुकूम पोचतो, पाय उठत नाही

लोहगडवाडीच्या गोरखनं दिवसभर टपरीसाठी पाण्याच्या बाटल्यांची खोकी गडाच्या पायऱ्यांनी वर नेली, संध्याकाळी बेडशात मेहुण्याच्या लग्नात जिलेबीवर ताव मारला आणि घरी येऊन आडवा झाला. सकाळी उठायला गेला, तर दोन्ही पाय जागचे हलेनात.

बायकोनं, राजेश्वरीनं, पोटरीला चिमटा काढला. तो कळवळला.

"दुखतंय ना? मग हलवा की."

"हलत न्हाई."

दुखतंय म्हणजे पाय मेलेला नाही. मग ऐकत का नाही? त्याला काही उमगेना. जीप येईस्तोवर हातही जड झाले.

लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर अनघांनी रक्त तपासलं. पोटॅशियम फार खाली आलं होतं. कुठं गेलं, असं त्यानं विचारलं, तर म्हणाल्या, शरीराबाहेर गेलेलंच नाही, रक्तातून स्नायूंच्या पेशींत शिरलंय. म्हणजे आहेही आणि कमीही! गोरख आणखीच चक्रावला.

बाईंनी कागदावर एक गोल काढला. पेशी मज्जातंतूची असो की स्नायूची, आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपतं, त्यामुळं आतल्या बाजूला ऋण भार उरतो आणि तोच पोटॅशियमला मागं ओढतो. सोडियमही हळूच आत येत राहतं. त्याला बाहेर काढून पोटॅशियम आत घ्यायला पेशीच्या पडद्यातला पंप सतत चालतो. एवढ्या खटाटोपावर पेशी शांत राहते. हा तोल ढळला, की मेंदूचा हुकूम पोचतो, पण स्नायू उठत नाही.

"पण म्याडम, मी तर झोपलो व्हतो."

"झोपेतही हे चालूच असतं."

गोरख त्या गोलाकडं बघत राहिला. विसाव्यातही एवढं काम, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

औषध सुरू झालं. दुपारी उजव्या पायाचा अंगठा हलला, तेव्हा राजेश्वरीला रडू आवरलं नाही. संध्याकाळी तो भिंत धरून उभा राहिला. फार दमून लगेच आडवं पडलं किंवा गोड एकदम खाल्लं, की पोटॅशियम पेशींत शिरतं, म्हणून ते टाळायचं आणि पुण्याला जाऊन पुढच्या तपासण्या करायच्या, असं बाईंनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला, तेव्हा वडील, भिमाजी, दारातच उभे होते. काय झालं, म्हणाले.

"अंगातलं मीठ जागा बदलून बसलं व्हतं, आबा."

"कुनी बदलली?"

गोरख खाली वाकला आणि बोटानं दारातल्या मातीत एक गोल काढायला लागला.