लांडग्याच्या पोटातली हाक

थोरलीनं बारा पानं एका दमात वाचली, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाली, "लिहिलंयस छान. पण ही आपल्या बाबांची गोष्ट नाही."

झाली का पंचाईत! बाबांना येत्या रविवारी ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती, आणि त्यांनी दोघी मुलींना लहानपणी सांगितलेल्या लांडग्याच्या गोष्टीचं छोटंसं पुस्तक छापून त्यांच्या हातात ठेवायचं, असा घाट धाकटीनं महिनाभर आधीपासून घातला होता. लिहिणार धाकटी, चित्रं थोरलीची, वर नावं दोघींची. थोरली दवाखान्यात रक्त काढायच्या कामाला होती, आणि सुई कधी टोचली ते पेशंटला कळू नये असा तिचा हलका हात. चित्रातही तो हात तसाच चालायचा. आता तीच म्हणत होती की मी चित्रं काढत नाही, माझं नाव घालू नकोस, आणि रविवारी मला ड्यूटी आहे. ड्यूटी कसली डोंबलाची! तिच्या ड्यूटीचा कागद फ्रिजवरच चिकटवलेला होता आणि रविवारचा रकाना चांगला कोरा करकरीत होता.

भांडण शेवटावरून होतं. गोष्टीत एक मुलगी एकटी रानातून घरी निघते, वाटेत भलत्याशी बोलत बसते, घरचा पत्ता सांगून टाकते. मग लांडगा दाराशी येऊन तिच्या बाबांच्या आवाजात हाक मारतो आणि ती कडी काढते. थोरलीनं बाबांकडून ऐकलेल्या गोष्टीत लांडगा तिला गिळतो नि गोष्ट संपते. दिवा बंद, झोपा आता. धाकटीनं ऐकलेल्या गोष्टीत मात्र शेजारच्या गल्लीतला खुर्च्या मढवणारा कारागीर आपली मोठी कात्री घेऊन येतो, लांडग्याचं पोट उसवतो, मुलीला बाहेर काढतो आणि सोफ्याच्या जाड दोऱ्यानं पोट परत शिवून लांडग्याला तंबी देऊन हाकलतो.

धाकटी वाचनालयात मुलांचा विभाग सांभाळायची, त्यामुळे तिच्याकडे याचं उत्तर तयार होतं. तिनं थोरलीला समजावलं की गोष्टी अशा बदलतातच. अगदी जुन्या पुस्तकांत मुलगी पोटातच राहते. पुढं कुणाला तरी ते बघवलं नाही आणि त्यानं लाकूडतोड्या आणला. हल्लीच्या पुस्तकांत तर लांडगा माफी मागून कोबी खायला लागतो, आणि मुलांना असला लांडगा आवडत नाही ही गोष्ट वेगळी. पुरावा म्हणून तिनं तीन पुस्तकंही टेबलावर मांडली. थोरलीनं ती एकावर एक नीट रचली आणि बाजूला सारली.

"पुस्तकांचं मला नको सांगूस," ती म्हणाली. "माझ्या वेळी बाबांकडे कात्री नव्हती का? होती. खुर्च्या मढवताना रोज हातात होती. ती त्यांनी तुझ्यासाठी राखून ठेवली."

धाकटीनं पुस्तकं परत पिशवीत भरली. म्हणजे छप्पन्न वर्षांची ही बाई एवढी वर्षं हे उराशी धरून बसली होती! हीच ती ताई, जी लोखंडी कपाट एकटीनं दोन जिने चढवते आणि शेजाऱ्याला हाक मारत नाही. जिनं पित्ताशयाचं ऑपरेशन झाल्याचं टाके काढून आल्यावर सांगितलं. धाकटीला तिचा राग आला, आणि रागाहून जास्त माया दाटून आली. पुस्तक गेलं खड्ड्यात, ताई रविवारी आली नाही तर त्या वाढदिवसाला अर्थ काय, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं थोरलीला जवळजवळ ओढतच बाबांच्या कारखान्यात नेलं.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. काथ्याचा आणि सरसाचा वास, भिंतीला उलट्या टांगलेल्या खुर्च्या, मध्ये पोट उघडं पडलेला एक सोफा. बाबा अजूनही रोज दोन तास येऊन बसायचे. ओठांत बारीक खिळे धरून ते एका खुर्चीच्या कडेला कापड ठोकत होते. मुली समोर बसल्या आणि धाकटीनं सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं होतं, बाबा हसतील, दोघींचं बरोबर म्हणतील आणि प्रकरण मिटेल. बाबांनी एकेक खिळा ओठांतून काढून वाटीत टाकला.

मग त्यांनी थोरलीला विचारलं, "शाळेपाठीमागची लाकडाची वखार आठवते तुला?"

थोरलीला आठवत होती. सहा वर्षांची असताना शाळेतून येताना ती वाट चुकली होती आणि वखारीत ताडपत्रीखाली जाऊन बसली होती. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. बाहेर लोक तिच्या नावानं हाका मारत होते. हे सांगताना तिची मान जराशी ताठ झाली. "मी ओ दिली नाही," ती म्हणाली. "फसले नाही मी."

"त्यातल्या दोन हाका माझ्या होत्या," बाबा म्हणाले. "हाताच्या अंतरावर उभा होतो मी. ताडपत्रीच्या फटीतून तू माझे पाय बघत होतीस, हे तूच नंतर सांगितलंस. पण लांडगा बाबांच्या आवाजात बोलतो, हे तुला कुणी शिकवलं होतं? मी. पोरगी धाकात राहावी, वाटेत रमू नये म्हणून. तिशीसुद्धा आली नव्हती माझी, अक्कल कुठली असायला."

वखारवाला फळ्या हलवायला आला तेव्हा ती सापडली, आणि पुढं तीन दिवस तापानं फणफणली होती. बाबा उशाशी बसून होते. त्या तीन दिवसांत त्यांनी गोष्ट उसवली आणि नव्यानं मढवली.

"नवी गोष्ट पहिल्यांदा तुलाच सांगितली मी," ते थोरलीला म्हणाले. "तुझ्यामुळेच ती बदलली. हिचा तर तेव्हा पत्ताही नव्हता. पण तू तापात होतीस, आणि बरी झाल्यावर म्हणालीस, मी आता मोठी झाले, मला गोष्ट नको. मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

थोरली खाली बघत होती. धाकटीनं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही.

बाबांनी मग धाकटीची पानं हातात घेतली, शेवटचं पान वाचलं आणि नापसंतीनं मान हलवली. हिनंही बदललीच की गोष्ट, असं ते म्हणाले. पुस्तकात कारागीर आपसूक येतो. तसा तो येत नाही. त्याला काय स्वप्न पडतं? मुलगी पोटातून ओरडते, म्हणून त्याला कळतं. कात्री नुसती गमतीची. खरी गोष्ट त्या ओरडण्यात आहे. धाकटीला ते ओरडणं म्हणजे बाबांचा नुसता खेळ वाटला होता, म्हणून तिनं लिहिताना ते गाळलं होतं. ती ओशाळली.

"सांगू का परत?" बाबांनी विचारलं. विचारलं ते थोरलीलाच.

थोरलीनं होकारार्थी मान डोलावली. बाबांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. रान आलं, वाट आली, कडी निघाली, लांडग्यानं गिळलं. आत अंधार, गरम, श्वास कोंडणारा. बाहेरून कारागीर चालला होता. खांद्यावर कात्री, पण त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. तो चालत पुढं निघाला. तेव्हा पोटातल्या मुलीनं काय केलं?

बाबा थांबले. इथं ऐकणाऱ्यानं ओरडायचं असतं. धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिनं दातांखाली जीभ धरली. बाबा थोरलीकडे बघत बसून राहिले. त्यांना कसलीच घाई नव्हती.

थोरलीचे डोळे भरून वाहायला लागले. तिनं ते पुसले नाहीत. बऱ्याच वेळानं, खोल दबलेल्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, मी इथं आहे."