अंगावेगळं

टिश्यूच्या खोक्यावर आडवं ठेवलेलं, काळं, लखलखीत पुसलेलं... लोर्नाला आधी तो कुणाचा तरी चष्म्याचा डबा वाटला, आणि मग नळी दिसली. पिस्तूल. ढगांच्या वर, विमानाच्या मागच्या टॉयलेटात — चौदाव्या रांगेतल्या त्या शेरीफच्या पोलिसाचं, दुसऱ्या कुणाचं असणार? अमरिलोच्या विमानतळावर सगळ्यांच्या आधी चढला होता, हत्यार नेण्याच्या परवानगीचं पत्र दाखवत, कॅप्टनशी हात मिळवत; हत्यार अंगावेगळं करायचं नाही, असं एअर होस्टेस म्हणून तिनं बजावलं तेव्हा म्हणाला होता, "डार्लिंग, मी आहे ना? आज निवांत झोप काढ." आणि पँट वर करताना विसरला. शूरवीर!

तिनं हात लावला नाही. बाहेर येऊन दार ओढलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. तिच्या आधी आत गेलेली म्हातारी अजून तिथंच हात पुसत होती. "कुणीतरी विसरलंय बघ. माझं याहून लहान आहे." छत्रीबद्दल बोलावं तसं. धन्य तो देश, धन्य त्या आज्या.

तिनं शेजारचा विमानातला फोन उचलून सांगितलं, तसा कॅप्टन म्हणाला, "तूच ठरव, लोर्ना. तुला सापडलं असेल तर मला खाली कळवावं लागेल, त्याची नोकरी गेली. त्याचं त्यानंच उचललं असेल तर... मला काही माहीत नाही." आणि फोन ठेवला. वा! विमान याचं, घाण मात्र तिची.

तेवढ्यात तो आलाच, मोकळ्या कमरेवर हात दाबून, पिठासारखा पांढरा. "मॅडम, प्लीज... बाजूला व्हा. नोकरी जाईल माझी."

मॅडम! डार्लिंगची मॅडम व्हायला अर्धा प्रवाससुद्धा लागला नाही.

"काय विसरलात, साहेब?" तिनं गोड आवाजात विचारलं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतपत.

"हळू, मॅडम... पाया पडतो."

कळवायचं, नियमच तसा; एका वाक्यात संपलं असतं. मग ते वाक्य तोंडातून निघत का नव्हतं? दया? छे, दया असती तर बरं झालं असतं. यानं असंच उभं राहावं, उतरेपर्यंत, आपल्या ओठांकडे बघत — नवरा, सुपरवायझर, इतक्या वर्षांतले सगळे डार्लिंगवाले, कुणी कधी असं बघितलं होतं?... आवडतंय हे आपल्याला, किती आवडतंय! — आणि तिला किळस आली, पण या खेपेला समोरच्याची नव्हे. तरी पाठ दारावरून हलेना.