दंग्याचा पाचवा माणूस

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास, भर बाजारात, मोतीराम माळ्याने रहेमतुल्ला बागवानाच्या डोक्यावर वांग्यांची टोपली उपडी केली. रहेमतुल्लाने तागडी फेकून मारली. मोतीरामची भिवई फुटली. भांडण बसायच्या जागेवरून होतं. फकीर मोहम्मद शिंपी आणि सईद पिंजारी मध्ये पडले, दोघांना ओढून बाजूला केलं, आणि थोड्याच वेळात मोतीराम आणि रहेमतुल्ला एकाच कडुनिंबाखाली बसून एकाच काडीवर बिड्या पेटवताना दिसले. गावाच्या लेखी प्रकरण संपलं होतं.

नारायणरावांच्या लेखी ते आता कुठे सुरू झालं. त्यांचे वडील अर्जुनराव पाटील बालाजीच्या दर्शनाला देऊळगाव राजाला गेले होते आणि तेवढ्यापुरती पाटीलकी चिरंजीवांच्या हाती आली होती. अर्जुनरावांनी दोघांना चावडीवर बोलावून चार शिव्या घातल्या असत्या आणि ठाण्याला मराठीत एक ओळ धाडली असती: किरकोळ मारामारी, मिटवली. वऱ्हाडात पाटलाचा रपोट असाच जाई. इंग्रजी कोणी मागितलं नव्हतं. पण नारायणराव खामगावला दोनदा मॅट्रिकला बसले होते आणि दोन्ही वेळा गणितात गेले होते. गणितात, हे ते आवर्जून सांगत. म्हणजे इंग्रजी पास, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

त्यांनी डिक्शनरी काढली. ‘क्वॉरल’च्या पुढे लिहिलं होतं भांडण, तंटा. असले तंटे विहिरीवर बायका करतात, त्याला पाटलाचा रपोट कशाला? ‘फाइट’ शाळेतल्या पोरांची. ‘अफ्रे’ म्हणजे मारामारी, ते बसत होतं. पण तहसीलदारांनी तोंडी विचारलं तर उच्चार कसा करायचा, हे डिक्शनरीत नव्हतं. ‘रायट’च्या पुढे मारामारीही होती आणि दंगाही होता. हा शब्द त्यांनी नागपूरच्या पेपरात मोठ्या टायपात पाहिला होता. शाळामास्तर उकंडरावांना विचारलं, तर ते म्हणाले, सगळे एकाच घरचे शब्द, कोणताही घातला तरी साहेब समजून घेतात. साहेबाने समजून घेण्याची ही भिस्त त्या शाळेत पहिलीपासून शिकवली जाई.

‘रायट’ गेला. तो आपण स्वतः कसा दाबला, याची तीन वाक्यं खाली जोडून गेली.

बुधवारी दुपारी फौजदार दोन शिपाई घेऊन आले. दंगा पाहायला आले होते आणि गावात कुत्रंही भुंकत नव्हतं. दोन्ही दंगेखोर धामणगाव बढ्याच्या वाटेवर सापडले, एकाच बैलगाडीत, दोघांची वांगी एकाच पोत्यात. फौजदारांनी त्यांना चावडीत बसवलं आणि रपोट पुन्हा वाचला.

“रायटला कायद्याने पाच माणसं लागतात,” ते म्हणाले. “ही दोन. बाकीची काढा.”

नारायणरावांनी विचारलं, दोघांवर भागणार नाही का?

“दोघांवर भागणारा शब्द वेगळा आहे. तो तुम्ही लिहिला नाहीत. तुमचा शब्द दफ्तरी लागला, वर बुलढाण्यालाही कळवला. आता एक तर पाच नावं द्या, नाहीतर माझ्या हातून चूक झाली असं लिहून द्या. शनिवारी माणसं मॅजिस्ट्रेटपुढे उभी करायची आहेत.”

चूक झाली असं लिहून देणं म्हणजे इंग्रजीतही नापास. नारायणरावांनी थोडा विचार केला आणि फकीर मोहम्मद आणि सईद यांची नावं दिली. ते तिथे होतेच, त्यांनी अंगाला हातही लावला होता. सोडवायला लावला, हे रपोटात कुठे होतं? पाचवं नाव उद्या देतो म्हणाले. फौजदार चौघांना घेऊन गेले. सईद जाताना म्हणाला, पुढच्या वेळी कोणी मेला तरी आपण हात खिशात ठेवणार.

गुरुवारी गावात बाप्या माणूस दिसेना. जो तो पहाटेच शेतात. नारायणराव बाजारात आले की बाजार पाठ फिरवी. संध्याकाळी मोतीरामची आई मनकर्णाबाई चावडीवर येऊन उभी राहिली.

“काऊन रे नारायणा, पाचवा भेटला का नाई?”

नारायणराव म्हणाले, सरकारी काम आहे, बाईमाणसाने पडू नये.

“मी काई पडून नाई राह्यली. फौजदार म्हने, चुकलं म्हनून लिहून दे, मी चौघायले सोडतो. लिही मंग. तुह्या बापानं शंभर खेपा चुकलं म्हटलं असंन, त्याची पाटीलकी कुठी गेली?”

“लिहितो,” नारायणराव म्हणाले. “पण लिहायचं कसं, ते पाहावं लागतं.”

ती गेली नाही. पायरीवर बसून राहिली. नारायणरावांनी कागद घेतला. ‘मिस्टेक’ वहीत होते, पोराची. ‘फॉल्ट’ लिहिला तर दोष सरळ आपल्या अंगावर येतो. ‘एरर’ भारदस्त होता, पण भारदस्त शब्द एकदा अंगाशी आला होता. उकंडरावांकडे माणूस पाठवला, तर ते परगावी गेल्याचं त्यांच्या बायकोने दाराआडून सांगितलं.

शुक्रवारी सकाळी ठाण्याचा शिपाई येऊन गेला. त्याला संध्याकाळी या म्हणून सांगण्यात आलं. अर्जुनरावांना बोलवायला देऊळगावला धाडलेला कोतवाल अजून परतला नव्हता. दुपारी चौघांच्या भाकरी मनकर्णाबाईने ठाण्यावर पोचवल्या. त्या वेळेपर्यंत कागदावर तारीख आणि ‘सर’ एवढंच लिहून झालं होतं.