नाथाभाऊजींनी सोडवलेलं तिकीट

आमच्या ह्यांना बेसबॉल येत नाही. त्यांनी तो कधी पाहिलेला नाही, खेळलेला नाही, आणि क्रिकेटमध्येसुद्धा हे सावलीत बसून धावा मोजणारे. तरी त्या काळी नाशकात बेसबॉलची टपाल तिकिटं जमवणारा माणूस एकच होता आणि तो नेमका माझ्या घरात राहत होता.

ह्या सगळ्याचं मूळ एका फजितीत आहे. आमचं लग्न नवं होतं तेव्हा, म्हणजे चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साली, ह्यांनी मेनरोडवरून परदेशी तिकिटांची एक पुडी आणली. क्रिकेटची तिकिटं म्हणून अल्बमात लावली आणि आल्यागेल्याला चहाबरोबर दाखवली. एक दिवस शेजारचे मोतीराम मास्तर म्हणाले, "निवृत्तीराव, ह्यात स्टंप कुठे दिसत नाहीत." हे बराच वेळ भिंगातून स्टंप शोधत राहिले. मग मान वर करून म्हणाले, "हा बेसबॉल आहे. मी मुद्दामच घेतलीत." एकदा बोलून बसल्यावर माघार कशी घेणार? तेव्हापासून क्युबा, जपान, निकाराग्वा, जिथून मिळेल तिथून बॅट धरलेली माणसं आमच्या घरी मुक्कामाला येऊ लागली. दिवसभर पाटबंधारे खात्यात कारकुनी करायची आणि घरी आल्यावर ह्या पाहुण्यांची उठबस करायची, असा ह्यांचा संसार.

मी चेष्टा करायची, पण ह्यांचा जीव त्यात होता हे मला कळत होतं. एक्क्याऐंशी सालच्या जिल्ह्याच्या तिकीट प्रदर्शनात ह्यांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षक होते खंडेराव नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर. ते म्हणाले, "तिकिटं छान आहेत. पण एखादं अस्सल फर्स्ट डे कव्हर असतं तर पहिला नंबर तुमचाच होता." फर्स्ट डे कव्हर म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का मारलेलं पाकीट. त्या रात्री हे नीट जेवले नाहीत. पहिल्या नंबराचा चषक ह्यांनी मनातल्या मनात आमच्या फळीवर ठेवूनसुद्धा दिला होता.

पुढच्या वर्षी ते पाकीट आलं. ह्यांचे अमेरिकेतले एक पत्रमित्र होते, त्यांनी पाठवलं. तिकिटावर एक काळा खेळाडू होता. गोऱ्यांच्या मोठ्या संघांनी काळ्या माणसांना वर्षानुवर्षं दार बंद ठेवलं होतं, ते ह्या माणसाने उघडलं, असं हे सांगायचे. सांगताना ह्यांची नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे जायची. तेव्हा मात्र मी चेष्टा करत नसे. ते पाकीट ह्यांनी कॉलनीत घरोघर दाखवलं, पण हात कुणाला लावू दिला नाही.

आता नाथाभाऊजींचं सांगते. भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, सायखेड्याला शेती करतात. माणूस सोन्यासारखा, पण मदत करायला निघाला की आपल्याला धडकी भरते. मागे आले होते तेव्हा ह्यांनी त्यांना जुन्या पाकिटांवरची तिकिटं कशी सोडवायची ते शिकवलं. कोमट पाण्यात कागद ठेवायचा, घाई करायची नाही, तिकीट आपोआप सुटून येतं. कांद्याचं रोप मुळी न तोडता उपटणारा तो हात, भाऊजींनी एकही तिकीट फाडलं नाही. हे म्हणाले, "नाथा, तू तर माझ्यापेक्षा भारी निघालास." ते वाक्य भाऊजी गावी घेऊन गेले आणि पारावर सगळ्यांना ऐकवलं.

त्या वर्षीच्या प्रदर्शनाला आठवडा उरला होता, मांडणीसाठी ह्यांनी ते पाकीट टेबलावर काढून ठेवलं होतं आणि भाऊजी मुक्कामाला आले होते. हे ऑफिसात गेलेले आणि मी दळण आणायला गिरणीत. परत येते तर भाऊजी अंगणात बसलेले, पुढ्यात परात.

"या वयनी! दादाचं एक काम राहून गेल्यालं दिसलं टेबलावर. म्हटलं करून टाकू. बघा कसं सुटलंय, कडंचा येक दातरासुदिक नाय तुटला."

परातीत पाकीट तरंगत होतं. पत्त्याची शाई निळी होऊन पाण्यात पसरली होती. शिक्का अर्धा पाकिटावर राहिला होता आणि अर्धा त्या खेळाडूबरोबर वर्तमानपत्रावर वाळत पडला होता. पाकिटावरचा शिक्का अखंड राहिला तरच त्याला किंमत, तिकीट सुटलं की ते पाकीट कचरा, एवढं ऐकून ऐकून मलाही कळत होतं.

संध्याकाळी हे आले. परात पाहिली, वर्तमानपत्र पाहिलं. भाऊजींनी मोठ्या हौसेने विचारलं, "झालं का न्हाय झ्याक?"

हे म्हणाले, "झ्याक झालं." मग हातपाय धुवायला मोरीत गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

रात्री मी भांडले. म्हटलं, निदान त्यांना सांगा तरी, नाहीतर पुढच्या खेपेला अख्खा अल्बम भिजवतील. हे म्हणाले, "लता, त्याला मी पाण्यात घालायला शिकवलं. काय घालायचं नाही ते शिकवलंच नाही." वर मलाच ताकीद दिली, की नाथाला एक अक्षर कळता कामा नये.

एवढं करून ह्यांनी ते पाकीट प्रदर्शनातही लावलं! एका बाजूला सुटलेलं तिकीट, शेजारी पाण्याने फुगलेलं पाकीट. मी कपाळावर हात मारला. पण भाऊजी नवी टोपी घालून प्रदर्शन बघायला येणार होते, आणि आपलं काम कुठं दिसतंय ते शोधणार होते.

खंडेराव आले. तक्त्यापुढे उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आवाज अगदी गोड करून म्हणाले, "वा! हे पाण्यातून कुणी काढलं? अशी कामगिरी मी उभ्या नोकरीत पाहिली नाही."

टोमणा आम्हा दोघांना बरोबर लागला. भाऊजींची मात्र छाती फुगली. टोपी सारखी करून ते एक पाऊल पुढे आले, तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "मी. मीच काढलं."

"तुम्ही?" खंडेराव म्हणाले. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." आणि पुढच्या तक्त्याकडे गेले. त्या वर्षी आम्हाला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही.

भाऊजींना पोचवायला आम्ही द्वारका नाक्यापर्यंत गेलो. त्यांना चहा नको, पान नको. हे सारखे त्यांच्या तोंडाकडे बघायचे. मला वाटलं, कळलं बहुतेक भाऊजींना, आता रडतील. सायखेड्याची गाडी लांबून दिसली तेव्हा कुठे भाऊजींनी तोंड उघडलं.

"दादा, एक इचारू? काम म्या केलं. येवढा मोठा सायेब वा म्हनला. आन् नाव तू तुझं सांगितलंस?"

मला हसू फुटणार होतं, पण भाऊजींचे डोळे खरोखरच भरले होते. सख्ख्या भावाने चारचौघांत आपलं श्रेय लाटलं, हे त्यांना फार लागलं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. एका वाक्यात सगळा उलगडा झाला असता.

"चुकलं माझं, नाथा," हे म्हणाले. "मोह झाला."

भाऊजींनी टोपीने डोळे पुसले. मोठ्या मनाने ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. भाऊच हायेस. पर फुडलं पाकीट आलं की मला सांगावा धाड. त्ये बी मीच काढनार, आन् नाव माझं सांगायचं."

"धाडतो," हे म्हणाले. आणि ह्यांचा स्वभाव मला माहीत आहे, हे खरंच धाडणार होते.