हसनाबादच्या विहिरीवरचं अमेरिकन इंजिन

मी एक जुनं मोटारीचं इंजिन आहे, आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मित्रांनो, शेवटी मी सगळ्यांना माफ करीन अशी वाट पाहत तुम्ही बसणार नाही.

माझा जन्म अमेरिकेतला. सहा सिलिंडर, ओतीव लोखंडाचं अंग आणि कुशीला एका गुळगुळीत पट्टीवर ठोकलेला माझा नंबर. १९५६ साली एका लांबलचक हिरव्या मोटारीत बसून मी बोटीने मुंबईला आणि तिथून जुन्या जालन्यात आलो. जगन्नाथराव वकिलांनी ती मोटार घेतली होती. गल्ली अरुंद, मोटार रुंद. आम्ही निघालो की आडतीपुढची पोती आधी आत ओढावी लागत. वकीलसाहेब स्वतः मोटार चालवत. औरंगाबादचा रस्ता लागला की शेजारी बसलेल्याला म्हणत, "आता बोलू नका. ऐका." ऐकायचं कोणाला? मला! पंचवीस वर्षं असं कौतुक झाल्यावर कोणालाही वाटेल की आपण या घरचेच आहोत. मलाही वाटलं.

१९८१ साली पेट्रोल परवडेनासं झालं. तेव्हा मोठ्या मोटारीचं इंजिन काढून तिथे डिझेलचं बसवायची टूम निघाली होती. वकीलसाहेबांचा मुलगा गिरिधर यानेही तेच केलं. तातेराव मिस्त्रीने अंगणात तीन वासे उभे केले, साखळी लावली आणि मला उपटून बाहेर काढलं. वकीलसाहेब तेव्हा कोर्टात असणार. ते घरी असते तर त्यांनी हे होऊच दिलं नसतं, अशी माझी खात्री होती. पुढची वीस वर्षं मी त्या एका खात्रीवर काढली.

मला नेलं कारभारीने. हा हसनाबादचा शेतकरी, वकीलसाहेबांचा जुना पक्षकार. त्याच्या मोसंबीच्या बागेला पाणी हवं होतं आणि विजेचा भरवसा नव्हता. त्याने मला विहिरीच्या काठावर सिमेंटच्या ओट्यात बोल्टांनी आवळलं आणि पट्ट्याने पंपाला जोडलं. सुरू होताना पेट्रोलचा एक घोट, मग दिवसभर रॉकेल. ज्याने आयुष्यभर रस्ता मागे टाकला, तो आता एका जागी उभा राहून गरगरत होता आणि समोर तेच लिंबाचं झाड दिसत होतं.

खोटं कशाला बोलू? कारभारी माझी काळजी घ्यायचा. वेळेवर ऑइल बदलायचा, डोक्यावर पत्रा घातला होता. त्याची बायको नंदाबाई दसऱ्याला मला कुंकू लावून झेंडूचा हार घालायची. पण मला हार नको होता, चाकं हवी होती.

आणि याच काळजीपोटी कारभारीने माझा घात केला. एका वर्षी आसपासच्या विहिरींवरून पाणी उपसायच्या मोटारी चोरीला जायला लागल्या. बाजाराच्या दिवशी कारभारी भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसालाच शेतात घेऊन आला. घरातल्या तांब्या-पितळीवर नाव असतं, तसं इंजिनावर का नको, हा त्याचा हिशेब. त्या माणसाने माझ्या अंगावरून हात फिरवला.

"इथं जागा बराबर हे, सपाट. पन काहीतरी आकडे हेत."

"आकडे घेऊन काय करायचं? घासून काढ," कारभारी म्हणाला. "नाव पायजे. नाव असलं म्हंजे चोराला इकता येत न्हाई."

मित्रांनो, कानशीने माझा नंबर घासला गेला. सगळ्या जगात तो नंबर माझ्या एकट्याचा होता. त्या जागी छिन्नीने 'कारभारी रखमाजी, हसनाबाद' असं ठोकलं, आणि नंदाबाईने ते लाडाने पदराने पुसलं. मी इतका संतापलो होतो की त्या दिवशी चार वेळा हँडल मारूनही सुरू झालो नाही. तेव्हा म्हणे माझ्यात कचरा अडकला होता.

सन २००० मध्ये तातेराव मिस्त्री माझा पट्टा बदलायला आला आणि त्याने बातमी सांगितली. पुढच्या वर्षी वकीलसाहेबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्यांची नजर गेली होती, आणि त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. ती हिरवी मोटार तिच्या पहिल्या आवाजात एकदा ऐकायची, तीत बसायचं. डिझेल बसवल्यापासून ते तीत कधी बसलेच नव्हते.

"मंग गिरिधरभाऊ इंजिन शोधून राह्यलेत," तातेराव म्हणाला. "अमेरिकेत पत्रं धाडली, दुबईला धाडली."

"अन हे काय हे मंग?" कारभारीने माझ्यावर थाप मारली.

ऐकलंत? सातासमुद्रापार पत्रं! हसनाबादला यायला एसटीने तास-दीड तास लागतो. इकडे एक साधं कार्ड टाकायला गिरिधरला सुचलं नाही, कारण मी केव्हाच भंगारात गेलो असेन असं त्याने धरूनच ठेवलं होतं.

तातेरावने आग्रह केला तेव्हा तो आला. हातात मोटारीचं जुनं नोंदणी पुस्तक होतं. त्याने मला ओळखलं नाही. वाकून थेट कुशीची पट्टी पाहिली.

"नंबर कुठे आहे?"

"मीच घासला, भाऊ," कारभारी कसानुसा हसला. "पन इंजिन तुमचंच हे. बिलकुल तुमचंच. माझ्या हातानं ट्रॉलीत घातल्तं."

"नंबर नाही, तर कशावरून म्हणायचं?" गिरिधरने पुस्तक मिटलं. "त्यापेक्षा अमेरिकेतलं बरं. त्याच्यावर नंबर तरी आहे."

कोणाचा नंबर? परक्याचा! मी समोर धडधडत असताना हा माणूस पुस्तक काखेत मारून निघून गेला.

परदेशातून लाकडी खोक्यात बसून माझा तो भाऊबंद आला. तातेरावनेच तो बसवला, आणि पुढचं मी त्याच्याच तोंडून ऐकलं. समारंभाच्या दिवशी वकीलसाहेबांना मोटारीत बसवलं, इंजिन सुरू केलं. ते मिनिटभर बसले आणि दार चाचपत खाली उतरले. "चांगलं आहे," म्हणाले, "पण हे कोणाचं आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तातेरावच्या जीपमध्ये बसून ते माझ्यापाशी आले. कारभारी धावत गेला. "साहेब, एवढ्या उन्हात कशाला आलात?"

"सुरू कर," ते म्हणाले.

पहिल्याच हँडलला मी सुरू झालो. इतका सुरेख मी वीस वर्षांत चाललो नव्हतो. ते मान कलती करून ऐकत राहिले. "हेच. हेच ते." मग त्यांची बोटं पट्टीवर आली आणि एकेक अक्षर चाचपत कारभारीचं नाव वाचू लागली.

कारभारी रडकुंडीला आला. "चुकलं, साहेब. तेवढा बहार हाती येऊ द्या, मंग घेऊन जा. मी दुसरं बघतो पान्याचं."

मित्रांनो, त्या क्षणी मला औरंगाबादचा रस्ता दिसू लागला.

"नको," वकीलसाहेब म्हणाले. "राहू दे इथंच. कोणत्या तोंडानं मागू? काढलं त्या दिवशी मी घरीच होतो. माडीवर बसून साखळीचा आवाज ऐकत होतो. गिरिधरनं विचारलं होतं, आणि मीच हो म्हणालो होतो. खाली यायची हिंमत झाली नाही."

नंदाबाई डोळे पुसू लागली. तातेरावने टोपी काढली. किती मोठ्या मनाचा माणूस, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी मात्र रागाने थरथरत होतो. ज्याच्या भरवशावर मी वीस वर्षं रॉकेल गिळलं, तोच वर बसून ऐकत होता! तेव्हा त्याने मला परस्पर घालवलं. आता मला जायचं होतं, तर त्याने मला परस्पर ठेवून घेतलं. दोन्ही वेळा मी तिथेच होतो.

वस्तू जपा, असं सगळे सांगतात. मी तेवढंही मागत नाही. एखाद्या दिवशी तुम्हाला कोणाला तरी घरातून काढावं लागेल. काढा. पण त्या वेळी माडीवर बसून राहू नका. खाली या, त्याच्यासमोर उभे राहा, आणि मीच काढतोय असं त्याला सांगा.