सर्कशीतला भाताचा गंज

मित्रांनो, तुमच्या गावात भात शिजवायच्या मोठ्या पितळी भांड्याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही. आमच्या चांदा जिल्ह्यात त्याला गंज म्हणतात. तो मी. माझ्या पोटात एखादं मोठं माणूस मांडी घालून बसू शकेल. थट्टा नाही. बसलेलं आहे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका कासारानं मला ठोकून ठोकून गोल केलं. तो ठोके घालताना गुणगुणत असे, त्यामुळे मला मार बसतो आहे असं कधी वाटलंच नाही. मी तयार झालो तेव्हा त्याच्या बायकोनं माझ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यात एक लग्न निघून जाईल." मला वाटलं, आपलं आयुष्य लग्नांच्या पंगतीत जाणार. पण मला विकत घेतलं ते नूरुद्दीनभाईंनी, आणि त्यांची होती सर्कस.

गुलबहार सर्कस. नाव मोठं, माणसं नऊ. एक बकरी होती, ती एकावर एक रचलेल्या तीन स्टुलांवर चढून उभी राही. एक बिनसीटची सायकल होती. वाघ नव्हता. नूरुद्दीनभाई म्हणत, "आपल्या भागात वाघ पाहायला तिकीट कोण काढंल? सरपनाले गेलं का फुकट दिसते." नूरुद्दीनभाई मालकही होते आणि जोकरही होते. ते माझ्यात बसत आणि दोघं जण मला रिंगणभर गरगर लोळवत. माझ्या अंगावरचे पोचे त्या दिवसांतले आहेत. दिवसा मात्र मी माझं खरं काम करी. नऊ माणसांचा भात शिजवी. एकदा खर्चाची ओढाताण होती, तरी नूरुद्दीनभाईंनी मला कल्हई करून आणली. "गंजात भात कळकला तर नऊ माणसं आजारी," एवढंच ते म्हणाले. असा मालक सगळ्या भांड्यांना मिळो.

आता शहजादीबद्दल सांगतो. ती नूरुद्दीनभाईंची सून, वय विशीचं. दोन बांबूंमध्ये बांधलेल्या दोरीवरून ती हातात छत्री घेऊन चाले. लोक खरं तर तिलाच पाहायला येत. तिचा नवरा बशीर खाली ढोल वाजवी आणि दोरीचा ताण सांभाळी. त्यांना एक मुलगी होती, कनीज. ती रांगायला लागली आणि आमच्या सर्कशीवर संकट आलं.

ब्रह्मपुरीला खेळ चालू होता. कनीजला सर्कशीतल्या एका बाईजवळ ठेवून शहजादी वर गेली. पोर त्या बाईच्या मांडीवरून सुटली आणि रांगत रांगत थेट दोरीखाली आली. शहजादीनं खाली पाहिलं, तिचा पाय सरकला. दोरी हाताला लागली म्हणून ती वाचली. पण त्यानंतर महिनाभर ती वर चढली नाही. बांबूपाशी जाई, दोरीला हात लावी आणि परत येई. दोरी नाही म्हटल्यावर लोकही येईनात. दोघं जण सर्कस सोडून गावी निघून गेले.

एका संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर शहजादीनं मला कोरडं पुसलं, आत गोधडी घातली आणि कनीजला माझ्यात ठेवलं. का ठेवलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. हात मोकळे हवे होते, एवढंच असेल. कनीजनं माझ्या भिंतीला गाल लावला आणि ती झोपली. माझ्या काठावरून तिला बाहेर येता येत नव्हतं, आणि वरून पाहिलं की ती पूर्ण दिसत होती. दुसऱ्या दिवशी शहजादीनं मला दोरीखाली जरा बाजूला ठेवलं, आत कनीज झोपवली आणि ती वर चढली. दर दोन पावलांनी तिची नजर माझ्यात येई. अशी ती दोरी पार करून गेली. पाहायला कोणी नव्हतं, फक्त आम्ही होतो. मित्रांनो, आजवर माझ्यात किती तांदूळ शिजला त्याचा हिशोब नाही, पण त्या दिवशी मला जेवढं भरल्यासारखं वाटलं, तेवढं कधी वाटलं नाही.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला निघालो होतो. वाटेत वैनगंगेच्या काठी साजाटोला नावाचं लहानसं गाव लागलं. मळणी होऊन धान घरात आलं होतं. नूरुद्दीनभाईंनी सगळ्यांना जवळ बसवून सांगितलं, "इथी खेळ जमला तर जत्रेत जाऊ. नाई जमला तर ज्याचं त्यानं घर पाहावं. मी अडवनार नाई." शहजादी मान खाली घालून कनीजला थोपटत राहिली. लोकांसमोर ती अजून चढली नव्हती. सर्कस राहणार की मोडणार, हे तिच्या दोन पायांवर होतं आणि तिला ते माहीत होतं.

नूरुद्दीनभाईंनी एक वेगळाच बेत काढला होता. खेळ आणि जेवण एकत्र. गावकऱ्यांनी पंगतीत बसायचं आणि सर्कशीनं खेळ करत वाढायचं. तिकिटाऐवजी घरटी थोडा तांदूळ आणायचा, तोच शिजवायचा. वरण आणि वांग्याची भाजी गावच्या भांड्यांत. भात माझ्यात, कारण एवढं मोठं भांडं गावात नव्हतं. बेत असा होता की लोक जेवतील, भात संपेल, मला घासून पुसून माझ्यात कनीजला निजवतील आणि मग शहजादी वर जाईल. कनीजची झोपेची वेळ दिवेलागणीनंतर लगेचची. ती चुकली तर मग ती बराच वेळ झोपत नसे.

स्वयंपाकाला गावातली गुणाबाई आली. तिचा हात मोठा आणि नियम कडक. "पंगत बसली असन तर भाताच्या भांड्याचा तळ दिसू द्याचा नाई," तिनं आल्याआल्या सांगितलं. "पंगत उठल्यावर काय ते करा."

संध्याकाळी मैदानात पंगत बसली. शे-सव्वाशे पानं होती. आणि काय ती वाढणी, मित्रांनो. उंच काठ्यांवर चालणारा दसरू वरूनच वरणाची धार सोडी आणि ती बरोबर द्रोणात पडे. एक जण कोलांटी मारून पानाशी येई आणि चिमूटभर मीठ ठेवून कोलांटीतच पुढे जाई. पत्रावळी हवेतून तरंगत येत. बकरी गळ्यात लिंबाच्या फोडींची टोपली घेऊन पंगतीतून हिंडत होती आणि मधूनच एखाद्याची पत्रावळ कुरतडत होती. नूरुद्दीनभाई तोंडाला चुना फासून भात वाढत होते. एका म्हातारीला त्यांनी विचारलं, "मावशी, आनखी?" ती म्हणाली, "आधी तोंड धू बाबा, मंग वाढ." पंगतभर हसू पसरलं. मी माझ्या चुलीवरून सगळं पाहत होतो.

सगळ्यांना वाढून झालं. आणि कोणी जेवेना.

सगळे हात आवरून बसलेले. वाफा निघून चालल्या. नूरुद्दीनभाईंनी हातातलं भाताचं भांडं खाली ठेवलं. ते गावातल्या वडीलधाऱ्या नानाजींपाशी गेले.

"नानाजी भाऊ, भात कच्चा राह्यला का?"

"भात चांगला आहे. तुमी जेवले का?"

"आमचं खेळानंतर असते."

"मंग आमचंही खेळानंतर."

"पन भाऊ, दोरीचा खेळ तुमच्या जेवनानंतर आहे."

"तुमी आमच्या गावचे पाहुने. पाहुना उपाशी उभा अन् आमी घास उचलाचा? साजाटोल्यात असं होत नाई."

शेजारी बसलेला मुखरू म्हणाला, "मंग असंच बसू. उद्या सकाळी न्याहारीलेच भेटू सगळे." मुखरूला प्रत्येक गोष्टीत काहीतरी बोलायचं असे.

"मी बसतो ना जेवाले," काठ्यांवरून दसरू म्हणाला. त्याला खरंच भूक लागली होती.

"एकटा तू जेवला अन् बाकी उपाशी, तेही नाई चालत," नानाजी म्हणाले. "सगळे बसा. आमी वाढतो."

शहजादी कनीजला कडेवर घेऊन पुढे आली. "भाऊ, मी पोटात अन्न घेऊन दोरीवर नाई जाऊ शकत. अन् आज गेली नाई, तर आमची सर्कस राहत नाई."

"समजते बाई," नानाजी म्हणाले, आणि ते खरंच समजत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण हात काही पानाकडे जाईना. त्यांचा जात नाही म्हणून कोणाचाच जात नव्हता. इकडे कनीज डोळे चोळायला लागली. तिला झोप आली होती आणि मी अजून अर्धा भरलेला होतो.

तेव्हा गुणाबाई माझ्यापाशी आली. काठाशी लागलेला मऊ भात तिनं वाटीत काढला आणि तिथूनच विचारलं, "नानाजी, पाहुना मागून जेवत नाई, बराबर. पन घरचं मानूस?"

"घरचं मानूस मागूनच जेवते. त्यात काय विचारतं?"

"मंग हिले घरची करा, म्हंजे सारी सर्कसच घरची." आणि शहजादीकडे वळून म्हणाली, "काऊन वं बाई, लेकराचं उष्टावन झालं का?"

शहजादी म्हणाली, "नाई बाई. आमच्यात खीर चटवतात. पन महिनाभर मन कुठी होतं."

"उष्टावन कोन करते? मामा करते," गुणाबाई म्हणाली. "नानाजी, उठा."

मुखरू म्हणाला, "बहीन विशीची, भाऊ सत्तरीचा. तुमच्या मायनं लेकीची लय वाट पाह्यली म्हना नानाजी." हसण्याचा एवढा लोट आला की बकरी बुजून स्टुलावर चढली. नानाजीही हसले, आणि हसता हसताच उठले.

गुणाबाईनं भात बोटांनी मऊ कालवला. त्यात बकरीचं दूध घातलं, गूळ कुस्करला. "घे, खीरही झाली," ती शहजादीला म्हणाली. नानाजींनी हात धुतले, एक चिमटी कनीजच्या ओठांना लावली. कनीजनं आधी तोंड वाकडं केलं. मग जीभ बाहेर काढून ओठ चाटले आणि नानाजींचं बोटच धरून ठेवलं. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. नानाजी वाकले आणि त्या इवल्याशा पायांना त्यांनी हात लावला. शहजादीनं पदराचं टोक तोंडात धरलं. बशीर उगाच ढोलाची दोरी आवळत राहिला.

"आता बहीन वाढते," नानाजी पानावर बसत म्हणाले. "भाऊ जेवते."

आणि शे-सव्वाशे हात एकदम पानांत गेले. असा जेवणारा गाव मी पाहिला नाही. पंगत उठली तेव्हा गुणाबाईनं घरच्यांसाठी उरलेला भात टोपलीत काढून झाकून ठेवला आणि मला घासलं. माझ्या अंगात चुलीची ऊब अजून राहिली होती. बाहेर नदीवरून थंडी येत होती. गोधडी घालून कनीजला माझ्यात ठेवलं, तशी ती एक मोठा श्वास सोडून झोपली. पोटात पहिल्यांदाच भात गेलेलं लेकरू ते.

शहजादी वर चढली. बशीरनं ढोलावर टिपरू उचललं. तेवढ्यात नानाजींनी हात वर केला.

"राहू दे जवाई. भाची निजली आहे."

टिपरू खाली गेलं. नूरुद्दीनभाई लोकांकडून टाळ्या मागण्यात पटाईत. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. आयांनी आपापल्या पोरांच्या तोंडावर हात ठेवले. मुखरूसुद्धा गप्प बसला.

पहिल्या फेरीला शहजादीची नजर दर दोन पावलांनी माझ्यात येत होती. मध्यावर तिचा पाय थबकला. कोणी हूं केलं नाही. ती पुढे गेली. दुसऱ्या फेरीला नजर कमी आली. खाली एवढी माणसं आणि एकाचाही आवाज नाही, हे तिच्या आता लक्षात आलं असावं. ती शांतता कशासाठी आहे, हेही. तिसऱ्या फेरीला तिनं छत्री खांद्यावर टाकली आणि समोर पाहत, गावाकडे पाहत, हसत दोरी पार केली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

खरं सांगतो, मला थोडं वाईट वाटलं. मग लक्षात आलं की आता लेकराकडे पाहायला सव्वाशे जण होते. मग बरं वाटलं.

टाळी एकही पडली नाही. लोक उठले आणि चपला हातात घेऊन घरी गेले. मग सर्कशीच्या माणसांना नानाजींनी स्वतः वाढलं. दसरू तीनदा भात घेऊन चौथ्यांदा पान पुढे करत होता. दुसऱ्या दिवशी आमच्या बैलगाड्या मार्कंड्याच्या वाटेला लागल्या. पुढे बरीच वर्षं गुलबहार सर्कस गावोगाव हिंडली. शहजादी पुन्हा कधी अडली नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो. सर्कस थांबल्यावर शहजादीच्या घरी आलो, पण तिथं हलकी ॲल्युमिनियमची, म्हणजे जर्मनची, भांडी आली. मला अंगणात नेऊन ठेवलं आहे, कल्हई उडाली आहे, आणि सध्या माझ्यात एक कोंबडी अंडी उबवते आहे. तक्रार नाही. ती चोची मारते, पण सोबत आहे. जमलं तर मला वर्षातून एकदा चिंचेनं घासा, एवढं मागतो.

आणि एक मागणं आहे, ते माझ्यासाठी नाही. कोणाच्या घरी लेकरू निजलं असेल आणि त्याची आई तेवढ्या वेळात काही काम करत असेल, तर दारावरून जाताना बोलणं हळू करा. ती बाहेर येऊन तुमचे आभार मानणार नाही, तिला वेळ नसतो. पण तिचं त्या दिवशीचं काम पार पडतं.